ओट्यावरची एसटी

डिंगोऱ्यात सोमाजीच्या ओट्यावर रोज सकाळी साडेआठला गाडी लागते. आता गाडी म्हणजे काय, तर ओटाच. शहाबादी फरशीवर खडूनं आखलेले बारा चौकोन, चौकोनात नंबर, खांबापासून खांबापर्यंत ताणलेली सुतळी आणि सुतळीच्या टोकाला देवघरातून उचलून आणलेली घंटी. घंटी नेली म्हणून ठकूबाई, म्हणजे सोमाजीची बायको, आठ दिवस देवापुढं तोंडानं टिण टिण करत होती. पण सोमाजी बधला नाही. डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नसते, असं त्याचं म्हणणं. ओटा तसाही हलत नाही, हे एका पावण्यानं त्याला समजावून बघितलं. त्या पावण्याला पुढच्या थांब्याला उतरवण्यात आलं.

सोमाजी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. एकतीस वर्षांत त्याच्याविरुद्ध तक्रार पुस्तिकेत एकच तक्रार, तीही गाडी वेळेवर सुटली म्हणून. असा माणूस निवृत्त झाला की त्याचं काय करायचं, हा घरच्यांना मोठा प्रश्न पडतो. पहाटे चारला उठायचा, अंघोळ करायचा, भांग पाडायचा आणि दारात जाऊन उभा राहायचा. जायचं तर कुठंच नसायचं. ठकूबाई म्हणायची, "तुमी एक तर जावा, न्हाईतर बसा. नुस्तं दारात उभं राहिलं की मला वाटतं कुणीतरी वसुलीला आलंय."

मग आली श्रेया. सोमाजीची नात. मुलगा आदेश चाकणला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. सून हर्षाली जुन्नरला एका लॅबमध्ये रक्त तपासायला. सहा महिन्यांची श्रेया दिवसभरासाठी सोमाजीच्या मांडीवर आली आणि सोमाजी दारातून हलला. पुढं तिला चालता यायला लागलं तसं शेजारच्या उज्ज्वलानं आपला अमृत आणून बसवला. ती टोमॅटोच्या पॅकिंगला जायची. तिचं तरी काय चुकलं. अंगणवाडी दोन-तीन तासांची. त्यानंतर पोर ठेवायचं कुठं, हा गावातल्या प्रत्येक आईला रोजचा पेपर. रानात न्यावं तर उसात बिबट्या. सासूकडं ठेवावं तर सासू मालिकेत. मोबाईल हातात द्यावा तर पोर मोबाईलशिवाय घास गिळत नाही. बघता बघता ओट्यावर नऊ पोरं झाली, त्यातली थोरली शाळेच्या आधी नि नंतर, आणि नऊ पोरं सांभाळायची एकच रीत सोमाजीला येत होती.

प्रत्येकाला सीट नंबर. आल्याबरोबर तिकीट. तिकिटं जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली, त्यामुळं एखाद्याच्या तिकिटावर 'स्वरुची भोजन' तर एखाद्याच्या तिकिटावर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' एवढंच. तिकिटाला सोमाजी आपला जुना चिमटा मारायचा, टिक. अकरा वाजता शूचा थांबा, पाच मिनिटं. साडेबाराला जेवणाचा थांबा, वीस मिनिटं. दुपारी गाडी घाटात, म्हणजे सगळ्यांनी झोपायचं. खांबाला दोऱ्यानं एक वही टांगलेली, तक्रार पुस्तिका. लिहिता येत नाही त्यानं चित्र काढायचं. शेवटच्या पानावर एक मोठं नाक होतं आणि नाकात बोट. ते अमृतविरुद्ध होतं.

संध्याकाळी आया आल्या की रोज एक उजळणी व्हायची. सोमाजी विचारायचा, "गाडी चुकली तर?"

पोरं म्हणायची, "जागा सोडायची न्हाई."

"रडायचं का?"

"बसून रडायचं."

"आन गाडी?"

"माघारी येती."

हे सगळ्यांना फार गोड वाटायचं. फक्त हर्षालीला नाही वाटायचं. ती सासऱ्याला मामा म्हणायची, तिकडं तशीच रीत आहे, आणि मामांशी ती कधी वाकडं बोलली नाही. पण तपासून तपासून तिला प्रत्येक गोष्ट उजेडात धरून बघायची खोड लागलेली. एक दिवस ती म्हणाली, "मामा, खऱ्या आयुष्यात गाडी माघारी येत नसते. उगाच पोरांना काहीतरी सांगू नका."

सोमाजी म्हणाला, "माझी येती."

तिच्या तक्रारी तशा खोट्या नव्हत्या. श्रेयाला कुणी नाव विचारलं तर ती 'सीट नंबर चार' म्हणायची. जुन्नरला एका बारशात तिनं दारात उभं राहून आलेल्या बायकांना तिकीट विचारलं आणि दोघींना आत सोडलं नाही. पण कहर झाला तो डिसेंबरात. श्रेयानं सोमाजीचा चिमटा घेतला आणि हर्षालीच्या लॅबच्या ओळखपत्राला टिक टिक करत चौदा भोकं पाडली. त्यातली दोन बरोबर डोळ्यांत. हर्षाली ते ओळखपत्र गळ्यात घालून पाच दिवस कामावर गेली.

सहाव्या दिवशी फ्रिजवर एक फॉर्म लागला. जुन्नरच्या चिमणघर डे-केअरचा. गुळगुळीत, लग्नपत्रिकेपेक्षाही जाड कागद, त्यावर हसरा जिराफ. घसरगुंडी होती, कॅमेरा होता, इंग्रजी होतं. एक जानेवारीपासून श्रेया सकाळी आईबरोबर स्कूटीवर जाणार आणि संध्याकाळी आईबरोबर येणार. सोमाजीनं तो फॉर्म तीनदा वाचला. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचला. मग ठकूबाईला म्हणाला, "ह्यात थांबे कुठं हायत?"

"थांब्यांचं काय घेऊन बसलाय," ठकूबाई म्हणाली. "पोर चालली."

त्या दिवशी सोमाजी जेवला नाही. खोटं कशाला बोला, जेवला, पण दही घेतलं नाही, आणि हे घरात सगळ्यांच्या लक्षात आलं. हर्षालीच्याही आलं. भांडी घासता घासता ती म्हणाली, "मामा, तुमचं मन मोडायचं नाही मला. पण ओट्यावर बसवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. मला एक दिवस दाखवा. पोरांना कुठंतरी बाहेर न्या आणि जशी नेली तशी सगळी माघारी आणा. मी बरोबर येते. नीट झालं तर फॉर्म भरत नाही."

"आन न्हाई झालं तर?"

"तर एक तारखेपासून जुन्नर."

ठरलं. रविवारी भीमाशंकर. श्रेयाला शेकरू बघायचा होता, झाडावरची ती मोठी तांबडी खार, आणि श्रेयाला हवं ते सोमाजीला आधीपासून हवंच असायचं. गाडी परवेजची. परवेज गावातलाच, जुन्नरच्या रस्त्यावर त्याची प्रवासी जीप चालायची आणि त्याची सहा वर्षांची झेबा ओट्यावर सीट नंबर सातला. परवेजची आई जैबुन्निसा म्हणाली, मी पण येते, पोरांना एक तरी शहाणं माणूस पाहिजे. उज्ज्वलानं दोन डबे पुऱ्या दिल्या. उलट्यांच्या पिशव्या हर्षालीनं स्वतःकडं ठेवल्या, कारण तिचा कुणावर विश्वास नव्हता.

रविवारी सकाळी सोमाजी खाकी घालून आला. निवृत्त माणसानं खाकी घालावी का, यावर ठकूबाई काही बोलणार होती, पण पोटावरची बटणं कशी तग धरून आहेत हे बघून ती गप्प बसली. निघण्याआधी सोमाजीनं नऊ पोरांना अंगणात ओळीत उभं केलं आणि हर्षाली आत डबे घ्यायला गेल्याचं बघून हळूच सांगितलं, "नीट ऐका. आज श्रेयाची आई आपल्या गाडीत हाय ती चेकिंगची साहेब म्हणून. चेकिंगवालं कुठंबी चढत्यात, कुठंबी मधीच उतरत्यात. त्यांना तिकीट नसतं. आपण त्यांच्या मधी बोलायचं न्हाई. कळलं का?"

पोरांना कळलं. पोरांना नको तेवढं कळतं, हीच तर पुढची सगळी पंचाईत.

पहिली गडबड जुन्नरलाच झाली. सोमाजीनं परवेजला बजावून ठेवलं होतं की गाडी थांबेल ती फक्त अधिकृत स्टॅंडापाशी, हॉटेलापाशी नाही. त्याप्रमाणं स्टॅंडाबाहेर पाच मिनिटं थांबली, पोरं पाणी प्यायली, चढली. सोमाजीनं दारात उभं राहून बोट फिरवलं. "एक म्हातारी, पाच हाफ. बरोबर." आणि घंटी वाजवायला हात वर केला. ओट्यावरची घंटी त्यानं जीपमध्येही बांधली होती.

मागच्या बाकावरून हर्षाली म्हणाली, "मामा, पोरं नऊ आहेत."

"व्हय. पाच हाफ, चार फ्री."

"फ्री म्हणजे?"

"पाच वर्षांखालचं. त्यांना तिकीट नसतं."

"म्हणून मोजायचं नाही?"

सोमाजीचा हात वरच राहिला. एकतीस वर्षं त्यानं मांडीवरचं पोर कधी मोजलंच नव्हतं. पोर ज्याच्या मांडीवर, त्याच्या तिकिटात. इथं पोरं चार होती आणि मांड्या कुठं होत्या, ह्याचा त्यानं विचारच केला नव्हता. खाली उतरून बघितलं तर तीन वर्षांचा स्वराज उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा. चरकाच्या घुंगरांकडं तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला कुणी विसरलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

हर्षाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "ही एक झाली मामा."

सोमाजीचं तोंड एवढंसं झालं. त्यानं तिथंच चौघांनाही तिकिटं फाडली, श्रेयालासुद्धा. जैबुन्निसालाही दिलं. नऊ पोरं आणि एक आजी, दहा तिकिटं. नवा नियम काढला. प्रत्येक थांब्यानंतर तिकीट हातात धरून वर करायचं, दहा हात दिसले तरच डबल बेल. "ज्याच्या हातात तिकीट त्यो प्रवासी. लहान न्हाई, मोठा न्हाई. सगळी मोजायची."

"लवकर सुचलं," जैबुन्निसा म्हणाली.

घोडेगावच्या स्टॅंडाला दहा मिनिटांचा थांबा. हर्षालीनं मोबाईल परवेजच्या चार्जरला लावला, एकेका पोराला शूला नेलं, हात धुवून आणलं, चढवलं. सोमाजीनं दारात उभं राहून हाळी दिली, "तिकीट वर." हात वर झाले. एक, दोन, तीन. स्वराजचं तिकीट चावून चावून ओलं झालेलं, पण वर होतं. श्रेया पुढं जैबुन्निसाच्या मांडीवर पेंगत होती, तिचा हात म्हाताऱ्या आजीनं धरून वर केला. दहा. सोमाजीनं परत मोजलं. दहा. तिसऱ्यांदा मोजताना त्याला गहिवरून आलं. टिण टिण. गाडी हलली.

डिंभ्याच्या बाजूला रस्ता वळला, धरणाचं पाणी दिसायला लागलं. सोमाजी मधल्या बाकावर दाराशी बसला होता, तोंड पुढं. मागं सून. मागून काही आवाज नव्हता, पण हर्षाली रागावली की तिचा आवाज नसतोच. आत्ताच बोललेलं बरं, असं त्याला वाटलं. समोर बघत बोलणं सोपं जातं. कंडक्टरला माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय कुठं असते.

"हर्षाली," तो म्हणाला. "मघाशी चूक झाली, ती माझी. त्यात दुसऱ्या कुणाला बोल न्हाई. पण एक सांगतो. मी नोकरीत व्हतो तवा आदेश लहान व्हता. त्याला मी सांभाळला न्हाई. मी मुक्कामी गाडीला असायचो. त्यो चालायला लागला ते मला लोकांनी सांगितलं. लोकांची पोरं उचलून गाडीत चढवली मी, माझ्या पोराला चढवायला मी नव्हतो. श्रेया माझ्याकडं आली तवा मला वाटलं, एक फेरी परत मिळाली. तुला जुन्नरला न्यायची तर ने. आई हायेस तू. मी घंटीला हात लावणार न्हाई. पण पोर गेल्यावर मी परत दारात उभा राहीन, आन तुझी सासू मला घरात राहू देणार न्हाई."

मागून उत्तर आलं नाही. परवेजनं नाक ओढलं. जैबुन्निसानं पदर डोळ्याला लावला. सोमाजी म्हणाला, "लगेच बोलू नको. इचार कर."

तेवढ्यात घाट लागला आणि अमृतचा चेहरा हिरवा झाला.

"पिशवी," सोमाजी म्हणाला. "हर्षाली, पिशवी दे."

पिशवी आली नाही. सोमाजी मागं वळला. मागच्या बाकावर पुऱ्यांचे दोन डबे होते, पिशव्यांची पिशवी होती आणि हर्षालीची ओढणी होती. हर्षाली नव्हती. एवढा वेळ त्यानं आपलं काळीज पुऱ्यांपुढं उघडं केलं होतं.

"श्रेयाची आई कुठं गेली?" तो म्हणाला.

मागं बसलेली सात वर्षांची प्राची शहाणी पोर. ती म्हणाली, "मावशी घोडेगावलाच उतरली. बाथरूमकडं गेली."

"मग सांगितलं का न्हाई?"

"चेकिंगवाले मधेच उतरतात. तुम्हीच सांगितलं. मधे बोलायचं नाही म्हणून पण तुम्हीच सांगितलं."

अमृतला ओकायला तेवढाच वेळ पाहिजे होता. खाकीचा उजवा खिसा गेला.

परवेजनं गाडी वळवली. आता वर्णन काय करायचं. जाताना गाणी म्हणणारी पोरं येताना गप्प. सोमाजी सीटवर बसलाच नाही, दाराच्या दांडीला धरून वाकून उभा राहिला, गाडी चालवल्यासारखा. श्रेया जागी झाली आणि म्हणाली, "आई कुठाय?" एकतीस वर्षांत त्यानं एक छत्री मागं सोडली नव्हती. म्हातारी चढली नाही म्हणून भर उन्हात गाडी उभी करणारा माणूस, आणि सुनेला सोडून आला. तेही तिनं परीक्षा घेतली त्या दिवशी. मोबाईल तिचा इथं, चार्जरला, गपगार.

"जुन्नर झालं आता," तो जैबुन्निसाला म्हणाला. "फॉर्म भरलाच समजा."

"सोमाभाऊ, फॉर्मचं सोडा," जैबुन्निसा म्हणाली. "आधी सून आणा. मग फॉर्म बघू."

घोडेगावच्या स्टॅंडात जीप शिरली. आणि समोर बाकावर हर्षाली. अगदी सरळ बसलेली, दोन्ही हात मांडीत, पर्स पोटाशी, ओट्यावर सीट नंबर चारला श्रेया बसते तशी. दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या आणि तिला शेंगा देत होत्या. सगळ्या स्टॅंडाला कळलेलं होतं की हिला सासऱ्यानं सोडलं आहे.

सोमाजी खाली उतरला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"पंचेचाळीस मिनिटं," हर्षाली म्हणाली. "मला कुणाचाच नंबर पाठ नाही मामा. तुमचा नाही, ह्यांचा नाही. माझा स्वतःचा पण नाही. एक रिक्षावाला म्हणाला, सोडतो पुढं. दुसरा म्हणाला, घरी जा. मी कुठं जाणार." तिनं पर्स खांद्याला लावली. "मग म्हटलं, जागा सोडायची नाही."

श्रेया जीपच्या खिडकीतून बघत होती. तिनं विचारलं, "आई, रडलीस का?"

हर्षालीनं तिच्याकडं बघितलं. "हो," ती म्हणाली. "बसून."

श्रेयाचं समाधान झालं. बरोबर उत्तर होतं.

हर्षाली गाडीत चढली, मागच्या बाकावर बसली, ओढणी घेतली. सगळ्यांना वाटलं आता माघारी डिंगोरे. सोमाजीही तसाच उभा, घंटीला हात लावायची हिंमत नाही. हर्षाली म्हणाली, "पोरांना शेकरू दाखवायचाय ना. डबल द्या."

घाटात पुढं जे झालं ते सोमाजीला जन्मभर पुरेल. प्राचीनं हर्षालीला सांगितलं की तू नव्हतीस तेव्हा कंडक्टर आजोबा तुझ्याशी लई बोलले. काय बोलले, हर्षालीनं विचारलं. आणि नऊच्या नऊ पोरांनी सांगायला सुरुवात केली. आदेशकाका लहान होते आणि आजोबा मुक्कामी होते. आदेशकाका चालायला लागले ते लोकांनी सांगितलं. श्रेया म्हणजे परत मिळालेली फेरी आहे. आणि आजोबा दारात उभे राहणार आहेत आणि आजी त्यांना घरात घेणार नाही. अमृतनं मधेच घुसडलं की आजोबा रडले, ते खोटं होतं. झेबा म्हणाली, रडले नाहीत, माझे अब्बू रडले. परवेज म्हणाला की धूळ होती. सोमाजी दाराच्या काचेला नाक लावून बाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, धुकं होतं. मागून हर्षालीचा आवाज आला नाही. ह्या वेळी सोमाजीनं दोनदा वळून बघितलं, ती आहे ना म्हणून. होती.

भीमाशंकरला दर्शनाची रांग एवढी लांब की पोरांनी कळसालाच हात जोडले. एक डबा पुऱ्या माकडांनी नेल्या, डब्यासकट. तासभर माना वर करून हिंडली सगळी, शेकरू काही दिसला नाही. तो दिसला फक्त परवेजला, आणि तोही पार्किंगमध्ये, गाडीत झोपायच्या तयारीत असताना. परवेजचं म्हणणं, मांजराएवढा होता. त्याच्यावर आजपर्यंत कुणी विश्वास ठेवलेला नाही. दिवस मावळता सगळी डिंगोऱ्याला पोचली. सोमाजीनं वर झालेले हात मोजले ते अकरा भरले, कारण हर्षालीनंही हात वर केला होता. तिच्या हातात तिकीट मात्र नव्हतं.

घरी कुणी फॉर्मचा विषय काढला नाही. फ्रिजवर जिराफ हसत होता. ठकूबाईला सगळी हकीकत जैबुन्निसानं आधीच फोनवर सांगितली होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "सुनेला सोडून आला. मला कधी सोडलं न्हाई कुठं. कधी नेलंच न्हाई ना."

सोमवारी सकाळी साडेआठला गाडी लागली. सोमाजी खाकीत नव्हता, खाकी दोरीवर वाळत होती. हर्षाली लॅबला निघून गेली होती, श्रेयाला चार नंबरला बसवून. सोमाजीनं दारातून आतल्या फ्रिजकडं बघितलं. जिराफ नव्हता. फॉर्म गेला. भरूनच नेला असणार.

तिकिटं द्यायला हात चालेना. लग्नपत्रिकांचे तुकडे रविवारीच संपले होते, ते एक. पोरं सीटवर बसून वाट बघत होती. तेवढ्यात प्राची म्हणाली, "आजोबा, पुस्तिकेत तक्रार आली."

सोमाजीनं चष्मा लावला. चित्र नव्हतं. लॅबच्या रिपोर्टवर असतं तसलं बारीक, सरळ अक्षर होतं.

'दि. कालची. घोडेगाव स्टॅंड. वाहकाने एक प्रवासी मागे सोडला. चौकशी केली असता असे समजले की प्रवाशाला तिकीटच दिलेले नव्हते. सहा वर्षे ह्या घरात आहे. चेकिंगला आले आहे असे सर्वांना सांगण्यात आले, तेही प्राचीकडून कळले. गाडी माघारी आली, हे मान्य. परंतु पुढील वेळी मलाही मोजावे. तिकिटांना कागद कमी पडतो असे दिसते, म्हणून सोबत जोडला आहे. जाड आहे.'

खाली सही. आणि पानाला टाचणीनं लावलेला जिराफ, कोरा, एक अक्षर न भरलेला.

सोमाजीनं तक्रार परत वाचली. मग ठकूबाईला हाक मारून कात्री मागितली. ठकूबाई कात्री घेऊन आली आणि तक्रार वाचून झाल्यावर तिथंच, दहा नंबरच्या सीटवर, मटकन बसली. सोमाजीनं जिराफाचे बेतानं तुकडे केले. शेपूट अमृतला, पाय स्वराजला, कान झेबाला. श्रेयानं पोट मागून घेतलं. प्रत्येकाला टिक. जिराफाचं हसणारं तोंड मात्र त्यानं कुणालाच दिलं नाही, वरच्या खिशात ठेवलं.

संध्याकाळी हर्षालीची स्कूटी दारात लागली. सोमाजी दारातच उभा होता. त्यानं खिशातून तो तुकडा काढला, चिमटा मारला आणि पुढं धरला.

"बायकांना आता हाफ असतं मामा," हर्षाली म्हणाली.

"लोकांच्या गाडीत," सोमाजी म्हणाला. "हे फुल हाय. चढ."

हर्षालीनं चपला काढल्या, ओट्यावर चढली आणि विचारलं, "नंबर कितीला बसू?"

"चारच्या शेजारी," सोमाजी म्हणाला, आणि दोनदा सुतळी ओढली.